गाणं दोनदा दिसतंय, प्ले शून्यावर आलेत, बारकोड नाकारला जातोय: कोडचे घोळ कसे सोडवायचे

स्वतःची गाणी स्ट्रीमिंगवर टाकणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. डिस्ट्रिब्युटर (गाणी स्पॉटिफायसारख्या स्टोअरवर पोचवणारी कंपनी) बदलला आणि इतक्या वर्षांत जमलेले प्ले एका रात्रीत शून्यावर आले. आधी सिंगल म्हणून आलेलं गाणं पुढे अल्बममध्ये घेतलं, तर कलाकाराच्या पानावर त्याच्या दोन नोंदी झाल्या आणि ऐकणारे दोन्हीकडे वाटले गेले. फॉर्म बारकोड घेत नाही, 'अवैध क्रमांक' म्हणतो, आणि क्रमांक तर समोर बघून टाकलेला असतो. रॉयल्टीच्या स्टेटमेंटमध्ये आपल्या गाण्याच्या ओळीत भलत्याच गाण्याचं नाव येतं. ऐकायला या चार वेगळ्या अडचणी आहेत, पण बहुतेक वेळा मूळ एकच निघतं. एका गोष्टीला लावायचा कोड दुसऱ्याच गोष्टीला लावलेला असतो.

त्यामुळे सपोर्टला मेल टाकण्याआधी, आणि 'नवा कोड घेऊन बघू' असं म्हणण्याच्या तर नक्कीच आधी, कोणता कोड कशाचा आहे हे पाहून घ्या. नवा कोड घेणं हा सगळ्यात सोपा उपाय वाटतो आणि निम्मे घोळ त्यातूनच होतात.

कोणता कोड कशाला

संगीतात तीन गोष्टी वेगळ्या धरायच्या: रचना, रेकॉर्डिंग आणि रिलीज. शब्द आणि चाल मिळून रचना. त्या रचनेचं एकदा झालेलं ध्वनिमुद्रण म्हणजे रेकॉर्डिंग. आणि एक किंवा अनेक रेकॉर्डिंग एकत्र करून लोकांसमोर आणलेली वस्तू, मग ती सीडी असो, एलपी असो की फक्त स्ट्रीमिंगवरचा अल्बम असो, ती रिलीज.

रचनेला आयएसडब्ल्यूसी मिळतो. टी या अक्षरानं सुरू होणारा, पुढे दहा आकडे, त्यातला शेवटचा तपासणीचा. तो सहसा लेखक-संगीतकारांच्या संस्थांमार्फत मिळतो, डिस्ट्रिब्युटरकडून नाही. रेकॉर्डिंगला आयएसआरसी. रिलीजला बारकोड, म्हणजे १२ आकडी यूपीसी किंवा १३ आकडी ईएएन.

एक चाल घ्या. ती एका गायिकेनं स्टुडिओत गायली, तिनंच पुढे मैफलीत गायली आणि नंतर दुसऱ्या गायकानं नव्यानं गायली. रचना एक, रेकॉर्डिंग तीन: आयएसडब्ल्यूसी एक, आयएसआरसी तीन. आता स्टुडिओतलं रेकॉर्डिंग आधी सिंगल म्हणून आलं, मग अल्बममध्ये आलं, मग एका संकलनात आलं. रिलीज तीन, म्हणून बारकोड तीन. पण आयएसआरसी तिन्हीकडे तोच, पहिल्या दिवशी दिलेला. हा शेवटचा भाग लोकांच्या गळी उतरत नाही. नव्या रिलीजला सगळंच नवं हवं असं वाटतं, आणि काही फॉर्ममध्ये 'आयएसआरसी आपोआप तयार करा' हा पर्याय आधीच टिक केलेला असतो. पुढच्या त्रासाची सुरुवात त्या खुणेपासून होते.

आयएसआरसीमध्ये काय असतं, काय नसतं

आयएसआरसी हे आयएसओ ३९०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते १९८६ मध्ये पहिल्यांदा आलं आणि १९८९ पासून त्याची जागतिक व्यवस्था आयएफपीआय या संगीत कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे आहे. कोडमध्ये बारा चिन्हं: पहिली दोन अक्षरं, पुढची तीन अक्षरं किंवा आकडे, मग वर्षाचे दोन आकडे, शेवटी पाच आकडी अनुक्रमांक. मधे दिसणाऱ्या आडव्या रेघा वाचायला सोपं जावं म्हणून असतात, त्या कोडचा भाग नाहीत. एका उपसर्गावर, म्हणजे पहिल्या पाच चिन्हांवर, एका वर्षात एक लाख रेकॉर्डिंगांची सोय होते.

पहिली दोन अक्षरं देशाची असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. त्यावर फार विसंबू नका. उपसर्ग कुठून दिला गेला एवढंच त्यातून कळतं. गाणं कुठे रेकॉर्ड झालं, कलाकार कुठला, हक्क कुणाचे, यातलं काहीच कळत नाही. शिवाय अमेरिकेच्या यूएस या अक्षरांखालचे उपसर्ग पुरेनासे झाल्यावर क्यूएम, क्यूझेड अशा जोड्या वापरात आल्या. क्यू अक्षरानं सुरू होणारा कोड पाहून 'हा खोटा दिसतोय' म्हणणारे भेटतात. तो खोटा नसतो. २०१९ च्या आवृत्तीपासून तर पहिली पाच चिन्हं मिळून एकच उपसर्ग धरतात, त्यातून देश वेगळा काढायचा नाही.

वर्षाचंही तसंच. ते कोड दिल्याचं वर्ष. १९७८ चं रेकॉर्डिंग २०११ मध्ये पहिल्यांदा कोड घेऊन बाहेर आलं तर कोडमध्ये ११ येईल आणि तेच बरोबर आहे. वर्ष चुकलंय म्हणून कोड 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

आता मुख्य फरक. बारकोडचा शेवटचा आकडा तपासणीचा असतो, आयएसआरसीमध्ये तपासणीचं चिन्हच नाही. बारकोड चुकला की दारातच अडतो. आयएसआरसी एका आकड्यानं चुकला तर तो निमूट आत जातो, कारण चुकलेला कोडही दिसायला वैधच असतो. फक्त तो दुसऱ्या रेकॉर्डिंगचा असतो किंवा कुणाचाच नसतो. ही चूक दिसते ती काही महिन्यांनी, स्टेटमेंटमध्ये. म्हणून बारकोडच्या तक्रारी जास्त येतात आणि आयएसआरसीच्या तक्रारी महाग पडतात.

अडचण: फॉर्म बारकोड घेत नाही

आधी आकडे मोजा. अकरा भरले तर जवळजवळ खात्रीनं सुरुवातीचं शून्य गेलेलं आहे, आणि ते स्प्रेडशीटनं खाल्लेलं असतं. यूपीसी अनेकदा शून्यानं सुरू होतो. एक्सेलसाठी ती एक संख्या, आणि संख्येच्या डावीकडच्या शून्याला अर्थ नसतो, म्हणून ते काढून टाकलं जातं.

१३ आकडी क्रमांकाचं याहून वाईट होतं. समजा क्रमांक २०१२३४५६७८९०३ आहे. अरुंद रकान्यात तो टाकला की एक्सेल २.०१ई+१२ असं दाखवतं. इथपर्यंत बिघडलेलं काही नसतं, सेलवर क्लिक केलं की वर पूर्ण क्रमांक दिसतो. पण ती शीट तशीच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) म्हणून सेव्ह केली की सेलमध्ये जे दिसत होतं तेच फाइलमध्ये उतरतं. पुन्हा उघडलं की २०१ आणि त्यापुढे दहा शून्यं. मूळ आकडे आता त्या फाइलमध्ये कुठेच नाहीत, आणि रकाना रुंद करून ते परत येत नाहीत.

उपाय क्रमाचा आहे. क्रमांक टाकण्याच्या आधी रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा, मग टाका. नंतर टेक्स्ट केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही. दुसऱ्यानं पाठवलेली सीएसव्ही डबलक्लिक करून उघडू नका. रिकामी शीट उघडून 'इंपोर्ट' करा आणि तिथे तो रकाना टेक्स्ट म्हणून निवडा. नुसती नजर टाकायची असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, तो काहीच बदलत नाही.

आकडे बरोबर भरले, तरी अडतोय? मग तपासणीचा आकडा काढून पाहा. शेवटचा आकडा बाजूला ठेवा. उरलेल्यांना उजवीकडून डावीकडे ३, १, ३, १ असं आळीपाळीनं गुणा आणि बेरीज करा. ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे लागतात तो तपासणीचा आकडा. वरचाच नमुना घेऊ: २०१२३४५६७८९० या बारा आकड्यांची अशी बेरीज ८७ येते, ९० ला ३ कमी, म्हणून शेवटी ३. कुठलाही एक आकडा चुकला तर हे गणित पकडतंच. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडतं. फक्त त्या दोन आकड्यांत पाचचा फरक असेल, म्हणजे १ आणि ६ किंवा २ आणि ७, तर अदलाबदल निसटते. फॉर्मनं घेतला म्हणजे बरोबरच, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

गुणाकार उजवीकडून सुरू करायचं कारणही आहे. डावीकडे कितीही शून्यं जोडली तरी तपासणीचा आकडा बदलत नाही. १२ आकडी यूपीसीच्या आधी एक शून्य लावलं की तो १३ आकडी ईएएन, दोन लावली की १४ आकडी जीटीआयएन, म्हणजे बारकोडचंच आणखी लांब रूप. क्रमांक तोच राहतो. कुठे १३ मागत असतील आणि तुमच्याकडे १२ असतील तर डावीकडे शून्य लावा. उजवीकडे लावलं तर तो निराळा क्रमांक होतो, आणि असं करणारेही आहेत.

राहिली न दिसणारी चिन्हं. पीडीएफमधून कॉपी केलेल्या कोडबरोबर शेवटी मोकळी जागा येते, आडव्या रेघेच्या जागी तिची लांब बहीण येते, कधी शून्य रुंदीचं चिन्ह येतं जे डोळ्यांना दिसतच नाही. कोड एकदा हातानं टाइप करून पाहा. तो लगेच घेतला गेला तर दोष यातलाच. आकडे इंग्रजीच हवेत, इथे लिहिलेत तसे देवनागरी फॉर्मला चालत नाहीत. मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो आणि माणूस अर्धा तास डोकं धरून बसतो.

अडचण: डिस्ट्रिब्युटर बदलल्यावर प्ले शून्यावर आले

जुना आणि नवा ट्रॅक एकच आहे हे स्टोअरला पटलं नाही, म्हणून असं होतं. ते पटायला आयएसआरसी तोच लागतो, ऑडिओ तोच लागतो आणि शीर्षक, कलाकाराचं नाव, लांबी ही माहिती जुळावी लागते. आयएसआरसी तोच असणं ही अट आहे, पण तेवढ्यानं काम होईलच असं नाही. कोड बरोबर टाकला आणि जाता जाता शीर्षकात 'नवी आवृत्ती' जोडलं, किंवा सुरुवातीची दोन सेकंदांची शांतता छाटली, की जुळणी फसू शकते. स्थलांतराच्या वेळी सुधारणा करायच्याच नाहीत. जशीच्या तशी फाइल, जसंच्या तसं शीर्षक, शुद्धलेखनाच्या चुकीसकट. चूक नंतर, प्ले जुळल्यावर दुरुस्त करा.

बारकोडची इथे फारशी काळजी करू नका. तो जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या उपसर्गाखालचा असेल तर नवा काही वेळा तो चालवून घेतो, काही वेळा स्वतःचा देतो. प्लेच्या जुळणीत वजन ट्रॅकच्या कोडला आहे.

जुना आयएसआरसी हाताशी नसेल, आणि जुनं खातं बंद झालेलं असेल, तर सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे तुमची जुनी रॉयल्टी स्टेटमेंट. त्यांत बहुधा प्रत्येक ओळीला आयएसआरसीचा रकाना असतो, आणि पैसे ज्या कोडवर आले तोच कामाचा. त्यानंतर आयएफपीआयचं आयएसआरसी शोधायचं संकेतस्थळ. कलाकार आणि शीर्षक टाकून तिथे पाहता येतं, पण प्रत्येक रेकॉर्डिंग तिथे असेलच असं नाही. थोडंफार तांत्रिक जमत असेल तर स्पॉटिफाय आणि डीझर या दोघांच्या एपीआयमध्ये (प्रोग्राममधून माहिती मागायच्या सोयीत) आयएसआरसीवरून ट्रॅक आणि यूपीसीवरून अल्बम शोधता येतो. उलट दिशेची तपासणीही तिथेच होते: कोड टाकून तुमचंच गाणं येतंय ना ते पाहा.

'हा कोड जुन्या डिस्ट्रिब्युटरनं दिला होता, म्हणजे तो त्यांचा. मग मी तो कसा वापरू?' हा प्रश्न नेहमी येतो. बिनधास्त वापरा. उपसर्ग त्यांच्या नावावर असला तरी कोड रेकॉर्डिंगचा आहे, आणि रेकॉर्डिंगाचे हक्क विकले गेले, दुसऱ्या लेबलकडे (रेकॉर्ड कंपनीकडे) गेले, तरी तो बदलत नाही. आयएसआरसी मालकीचा पुरावा नव्हे. तो कुणाच्या नावाच्या उपसर्गाचा आहे यावरून हक्काबद्दल काहीही सिद्ध होत नाही, तुमच्या बाजूनंही नाही आणि त्यांच्या बाजूनंही नाही.

क्रम मात्र पाळा. नवीन रिलीज सगळीकडे दिसायला लागल्यावरच जुनं काढायला सांगा. आधी जुनं काढलं तर मधल्या काळात जुळवायला समोर काही उरत नाही, आणि प्लेलिस्टमधून गाणं गळतं ते वेगळंच.

अडचण: सिंगल आणि अल्बममध्ये एकच गाणं दोन वेगवेगळ्या नोंदींत

कारण वर आलंच, अल्बम चढवताना नवा आयएसआरसी तयार झाला. आता एका रेकॉर्डिंगाला दोन कोड आहेत. यापुढे पहिला दिलेला कोड वापरायचा, दुसरा सोडून द्यायचा. 'सोडून द्यायचा' म्हणजे तो दुसऱ्या गाण्याला लावायचा नाही. आयएसआरसी पुन्हा वापरात आणत नाहीत, रिलीज कायमचं काढून टाकलं तरी नाही. बऱ्याच डिस्ट्रिब्युटरांकडे प्रकाशित झालेल्या ट्रॅकचा आयएसआरसी जागच्या जागी बदलता येत नाही, अल्बम नव्यानं पाठवावा लागतो. अल्बमला फारसे ऐकणारे नसतील तर तेवढं करण्यासारखं आहे. दोन्ही नोंदींवर मोठे आकडे जमले असतील तर आधी सपोर्टशी बोला, घाईनं काढून टाकू नका.

अडचण: दोन वेगळ्या ट्रॅकना एकच आयएसआरसी

ही वरच्यापेक्षा वाईट. गायन असलेला ट्रॅक आणि त्याची वाद्यसंगीत आवृत्ती, मूळ गाणं आणि त्याचा रीमिक्स, यांत हे होतं. लक्षणं विचित्र असतात. एक वाजवायला जावं तर दुसरं वाजतं. दोन्हींचे प्ले सारखेच दिसतात. स्टेटमेंटमध्ये एकच ओळ येते आणि रीमिक्स करणाऱ्याचा वाटा कुठला ते सांगता येत नाही.

याचं कारण बहुतेक वेळा स्प्रेडशीटमधली ओळ खाली कॉपी करून फक्त शीर्षक बदलणं हे असतं. उलट बाजूचा सापळाही तिथेच आहे. सेलचा कोपरा धरून खाली ओढलं की एक्सेल शेवटचा आकडा एकेकानं वाढवत जातं. बारा नव्या ट्रॅकना बारा सलग कोड द्यायचे असतील तर ते सोयीचं. पण एकच रेकॉर्डिंग तीन रिलीजमध्ये आहे म्हणून तोच कोड तीन ओळींत हवा असेल तर तीन वेगळे कोड तयार होतात, आणि ते इतके शेजारचे असतात की नजरेला खटकत नाहीत. कंट्रोलची कळ दाबून ओढलं तर तोच मजकूर उतरतो.

दुरुस्ती अशी: ज्या रेकॉर्डिंगाला कोड आधी लागला त्याच्याकडे तो राहू द्या, दुसऱ्याला नवा घ्या. इथे नवा कोड घेणंच बरोबर आहे.

नवा आयएसआरसी कधी घ्यायचा

कानाला वेगळं असं काही मुद्दाम केलं असेल तर नवा. रीमिक्स, रेडिओसाठी छोटी केलेली आवृत्ती, शिव्या गाळलेली आवृत्ती, मैफलीतलं रेकॉर्डिंग, गायन काढलेला ट्रॅक, त्याच गायिकेनं पुन्हा गायलेलं, या सगळ्यांना वेगळा. म्युझिक व्हिडिओलाही स्वतःचा, आतला ऑडिओ तोच असला तरी. डॉल्बी ॲटमॉसचा मिक्स हा स्टीरिओपेक्षा वेगळा मिक्स, त्यालाही वेगळा. अनेक भागांच्या रचनेत प्रत्येक भाग स्वतंत्र ट्रॅक असेल तर प्रत्येकाला एक.

फाइलचा प्रकार बदलला, एमपी३ च्या जागी एफएलएसी दिली, तर नको. लेबल बदललं तर नको. संकलनात गेलं तर नको. कव्हर बदललं तर अजिबात नको.

घोटाळा रीमास्टरमध्ये आहे. जुन्या टेपवरून आवाज नव्यानं साफ करून, खरखर काढून, एकूणच नवं मास्टर (ज्यावरून प्रती निघतात ते अंतिम रूप) तयार केलं तर ते नवं रेकॉर्डिंग धरून नवा कोड घेतात. नुसती पातळी थोडी वर केली, टोन जरा इकडेतिकडे केला, तर जुनाच ठेवतात. सीमारेषा धूसर आहे. माझं मत विचाराल तर, ऐकणाऱ्याला तुम्ही ते 'रीमास्टर' म्हणून विकणार असाल तर नवा घ्या, फरक काय ते तुम्हालाच सांगावं लागत असेल तर जुना ठेवा.

बारकोडचं उत्तर यापेक्षा सोपं आहे. ट्रॅकची यादी बदलली, दोन गाणी जोडून वाढीव आवृत्ती काढली, सीडीबरोबर एलपीही काढली, तर प्रत्येकाला वेगळा बारकोड. नावातली टायपिंगची चूक सुधारली तर जुनाच.

अडचण: फाइलमध्ये आयएसआरसी भरला तरी स्टोअर वेगळाच दाखवतं

एमपी३ मध्ये टीएसआरसी नावाची जागा आहे, एफएलएसीच्या टॅगमध्ये आयएसआरसी लिहिता येतो, ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारच्या फाइलमध्येही सोय आहे. पण स्टोअर तो तिथून वाचत नाही. डिस्ट्रिब्युटर ऑडिओबरोबर माहितीची एक वेगळी फाइल पाठवतो, सहसा डीडीईएक्स या ठरलेल्या पद्धतीनं, आणि स्टोअर तीच खरी धरतं. फॉर्ममध्ये एक आणि टॅगमध्ये दुसरा असेल तर फॉर्म जिंकतो. टॅग भरा, रेडिओसाठी आणि स्वतःच्या संग्रहासाठी उपयोगी आहे, पण दुरुस्ती फॉर्ममध्ये करा.

सीडीवर आयएसआरसी ऑडिओच्या बाजूनं जाणाऱ्या क्यू नावाच्या उपवाहिनीत असतो, आणि अख्ख्या चकतीचा १३ आकडी क्रमांकही तिथेच ठेवता येतो. तो कारखान्यात जाणाऱ्या मास्टरमध्येच घालावा लागतो, छापून झाल्यावर काही करता येत नाही. वाचणंही बेभरवशाचं आहे. काही ड्राइव्ह वाचतच नाहीत, काही आधीच्या ट्रॅकचा कोड पुढच्याला देतात. लागोपाठच्या दोन ट्रॅकना एकच कोड दिसला तर आधी दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहा, मग मास्टरिंगवाल्याला फोन करा.

आणि सीडी टाकल्यावर संगणक भलत्याच अल्बमचं नाव दाखवतो, त्याचा यातल्या कुठल्याच कोडशी संबंध नाही. ती ओळख ट्रॅकच्या सुरुवाती आणि लांब्यांच्या यादीवरून लावतात. योगायोगानं दुसऱ्या एखाद्या चकतीच्या लांब्या जवळपास तशाच असतील तर तिचं नाव येतं. बारकोड बदलून ते सुटणार नाही.

स्वस्तातले बारकोड आणि जुन्या चकत्या

इंटरनेटवर सुटे बारकोड विकणारे पुष्कळ आहेत. क्रमांक गणितात बसतो, स्ट्रीमिंगच्या फॉर्ममध्ये चालूनही जातो. पण उपसर्ग, म्हणजे सुरुवातीचे आकडे, बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ या संस्थेकडे दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असतो. जीएस१ च्या पडताळणीच्या पानावर क्रमांक टाकला की ते नाव दिसतं, आणि चकती दुकानात ठेवायची वेळ आली की प्रश्न सुरू होतात. फक्त डिजिटल रिलीज असेल तर डिस्ट्रिब्युटर देतो तो बारकोड पुरतो, वेगळा विकत घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. बारकोडचे पहिले तीन आकडे पाहून 'माल अमुक देशाचा' म्हणणंही सोडून द्या. क्रमांक जीएस१ च्या कोणत्या शाखेनं दिला एवढंच ते सांगतात. ९७९० नं सुरू होणारा क्रमांक तर छापील स्वरलिपीचा असतो, तो अल्बमला लावता येत नाही.

जुन्या चकत्या जमवणाऱ्यांना उलटी अडचण येते, शोधात बारकोड टाकला की चार वेगवेगळ्या नोंदी येतात. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो १९७४ च्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, च्युइंग गमच्या पुडक्यावर. संगीताच्या विक्रीची मोजणी बारकोडवर आली ती १९९१ मध्ये, साउंडस्कॅन या विक्री मोजणाऱ्या अमेरिकी यंत्रणेपासून. त्याआधीच्या पुष्कळ चकत्यांवर बारकोड नाहीच, आणि जिथे आहे तिथे लेबलांनी तोच पुढच्या छपाईंवर तसाच ठेवला. बारकोड रिलीज सांगतो, छपाई सांगत नाही. त्यासाठी एलपीच्या शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्टीवर किंवा सीडीच्या आतल्या कड्यावर कोरलेली अक्षरं वाचावी लागतात. एक छोटी खूण मात्र कामाची आहे: जुन्या अनेक अमेरिकी बारकोडांत तपासणीच्या आकड्याच्या आधीचा आकडा माध्यम सांगतो. १ म्हणजे एलपी, २ म्हणजे सीडी, ४ म्हणजे कॅसेट.

सपोर्टला काय लिहायचं

'माझं गाणं चुकीचं दिसतंय, लवकर बघा' या मेलला उत्तर म्हणून एक प्रश्नावली येते आणि आठवडा जातो. पहिल्याच मेलमध्ये हे द्या:

'रिलीजचा बारकोड अमुक, त्यातला ट्रॅक तिसरा. त्यावर सध्या जो आयएसआरसी आहे तो याच गाण्याच्या वाद्यसंगीत आवृत्तीचा आहे. मूळ रेकॉर्डिंगाचा आयएसआरसी तमुक, तो पहिल्यांदा अमुक बारकोडच्या सिंगलमध्ये आला, अमुक तारखेला. ऑडिओ फाइल बदललेली नाही. ट्रॅकचा आयएसआरसी दुरुस्त करायचा आहे. त्यासाठी रिलीज नव्यानं पाठवावं लागणार असेल तर जुनं काढण्याआधी कळवा.'

कोड अक्षरांत द्या, नुसता स्क्रीनशॉट नको. ओ आणि शून्य, आय आणि एक यांच्यात चित्रावरून फरक कळत नाही, आणि आयएसआरसीच्या पहिल्या पाच चिन्हांत दोन्ही येऊ शकतात.

दुरुस्ती झाल्यावरही चुकीच्या कोडवरचे जुने प्ले पुढच्या काही स्टेटमेंटमध्ये येत राहतील, कारण स्टोअरचे हिशेब मागून येतात. म्हणून तुमच्या शीटमध्ये तो कोड खोडू नका. त्याच्यापुढे बरोबर कोड आणि बदल केल्याची तारीख लिहून ठेवा.